फळा उचला

विद्यापीठाच्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि इतिहासाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरायचा. रोज चौघं मुलं आपल्या एका वर्गमैत्रिणीला व्हीलचेअरसकट उचलून वर न्यायची. मनापासून न्यायची, वाटेत थट्टामस्करीही चालायची. ती मात्र वर पोचेपर्यंत डोळे घट्ट मिटून घ्यायची.

नव्या मॅडमनी हे जिन्यात पाहिलं. तास संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "असं उचलून नेलेलं तुला आवडतं का गं?"

"मुलं खूप चांगली आहेत, मॅडम."

"ते दिसतंच आहे. मी तुझं विचारतेय."

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिने हळूच नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मुलं खुर्चीला हात घालणार, तोच मॅडम जिना उतरून आल्या. "तिला राहू द्या, वरचा फळा उचलून आणा. आजपासून आपण खाली बसायचं."

खाली म्हणजे अडगळीच्या खोलीत. मोडकी बाकं बाहेर काढायला मॅडमनीच आधी हात घातला. जागा अपुरी होती, उजेड बेताचा होता, पण दाराला उंबरा नव्हता.

महिन्याभराने एकदा मॅडमचा आवाज चढला. "ही काय यायची वेळ झाली? निम्मा तास संपला."

"कॅन्टीनमध्ये गप्पा मारत बसले, मॅडम," स्वतःच चाकं फिरवत आत येत ती म्हणाली. उशिरा आल्याबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलणी खात होती, आणि चेहऱ्यावरचं हसू काही केल्या लपत नव्हतं.