बहिणीची चटई

लेसिएलीला लाज म्हणून नव्हती. आठवडाभर रोज उशिरा यायची, आणि आली की हातात सुई नाही, फोन. चर्चच्या हॉलमध्ये बारा बायका केवड्याच्या पातीच्या चटया विणताना बोटं कापून घेत होत्या आणि ही खिडकीला टेकून उभी. टोआकासेच्या भावाची ही थोरली. आत्याला उलट बोलायची आपल्यात रीत नाही, म्हणून बोलायची नाही. पण ऐकायचीही नाही.

"अगं, नटी आहे ती," मेलेनाइते म्हणाली. "नट्या कुठे शिवतात?"

"नटी म्हणे! कमरेला चटई धड बांधता येत नाही. चार पावलं टाकली की गवताच्या भाऱ्यासारखी सुटते," टोआकासे म्हणाली.

खोटं नव्हतं ते. आपल्यात लग्नाला, मयताला कपड्यांवरून कमरेला विणलेली चटई बांधतात. टोआकासे प्रत्येकीभोवती एक फेरी मारायची आणि गाठ ओढून बघायची. लेसिएलीची गाठ आजवर एकदाही टिकली नव्हती.

चर्चला शंभर वर्षं होत होती. ते बांधणाऱ्या म्हाताऱ्या खलाशाचं नाटक बसवलं होतं, आणि शेवटचा अंक त्याच्या मयताचा. कपड्यांचं सगळं टोआकासेकडे. मयताला कुणी कुठली चटई बांधायची, हे तिच्याइतकं बेटावर कुणाला कळत नव्हतं. मेलेल्याची मुलं मानाने सगळ्यांच्या खाली. त्यांना मोठी, भरड, फाटकी, अंग झाकून टाकणारी. मेलेल्याची बहीण सगळ्यांच्या वर. तिला लहान, मऊ, बारीक विणीची. ती उशाशी बसते. लेसिएलीला बहिणीचं काम मिळालं होतं, आणि तिची चटई टोआकासे स्वतः विणत होती. दोन महिने झाले. गुडघे बसू देत नव्हते, बसलं की उठू देत नव्हते.

फाटक्या चटया मात्र खोट्या करायच्या होत्या. घरोघरी खऱ्या होत्या, पण तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दुखवट्याची चटई नाटकात आणायची नाही." मग नव्या चटया खाऱ्या पाण्यात भिजवल्या, सायकलीला बांधून खडीवरून ओढल्या, दगडाने कडा ठेचल्या. तरी त्या नव्याच्या नव्या.

"चांगलं विणायला शिकवलं तुम्हाला," टोआकासे म्हणाली, "तिथेच चुकलं माझं."

मंगळवारी लेसिएलीने मध्येच विचारलं, "आत्या, बापासाठी मुलीने किती वर बांधायची?"

"तुला काय करायचंय? तू बहीण आहेस नाटकात."

"तरी सांगा ना."

"काखेपर्यंत. दोरी दोनदा फिरवायची, गाठ पुढे. केस मोकळे. झालं समाधान? आता सुई घे."

तिने सुई घेतली नाही. फोन घेऊन बाहेर गेली.

तिचा बाप, केपुएली, पायाची जखम दाखवायला बोटीने राजधानीला गेला होता. वयात आलेले बहीणभाऊ एका खोलीत बसत नाहीत. मान असतो तो. साठ वर्षांत केपुएली बहिणीच्या छपराखाली आला नव्हता. पण दर हंगामाचं पहिलं कोनफळ तिच्या उंबऱ्यावर असायचं, आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणायची, "यंदाही बारीकच!" जाताना त्याने लेकीकडून निरोप धाडला होता. नाटकाला येतो, सगळ्यांत मागे बसेन.

शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी कपडे चढवून उभं राहायचं होतं. टोआकासे मान खाली घालून लहान चटईची शेवटची कड आवळत होती. दारात पावलं वाजली. तिला दिसली ती फक्त जमिनीवर घासत येणारी एक फाटकी किनार.

"लेसिएली! किती वेळा सांगू? तू मेलेल्याची पोर नाहीस, बहीण आहेस! काढ ते!"

लेसिएलीने काढलं नाही. मेलेनाइतेने तोंडावर हात धरला.

टोआकासेने चटई ओढायला मुठीत धरली, आणि मूठ तिथेच राहिली. ही खडीवरून ओढलेली नव्हती. हिला जुन्या धुराचा वास होता. गुडघ्यापाशी चुलीने जाळलेलं एक भोक होतं, आणि त्या भोकावर तिचाच रफू. तेव्हा टोआकासे एकोणीस वर्षांची होती. बाप गेला त्या सकाळी बसून भोक बुजवलं होतं आणि केपुएलीने बांधावी म्हणून ही चटई पायरीवर ठेवून आत निघून गेली होती.

तिने मान वर केली. चटई काखेपर्यंत होती. दोरी दोनदा फिरवलेली. केस मोकळे.

"कधी?"

"पहाटे," लेसिएली म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं, पाय चिघळल्याचं आत्याला कळवू नका. तिचं काम अडेल म्हणाले."

टोआकासेने उरलेली पात दातांनी तोडली. उठायला तिला वेळ लागला, पण हात द्यायची कुणाची हिंमत झाली नाही. मग ती लहान, मऊ चटई तिने स्वतःच्या कमरेला गुंडाळली आणि दोरी आवळली. उद्याच्या बोटीने तो येणार होता. साठ वर्षांनी दोघं एका खोलीत बसणार होते.

तिने लेसिएलीभोवती एक फेरी मारली. समोर आली. गाठ धरून ओढली, पुन्हा एकदा ओढली.

"नीट बांधलीस," ती म्हणाली.