विलमरचा नकार

बानी गावाच्या मैदानावर योनेल चेंडू फेकायचा आणि त्याचा जिवलग दोस्त विलमर झेलायचा. त्या दुपारी अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबचा माणूस पोरं निवडायला आला होता. प्रत्येक फेकीनंतर योनेल कोपर पोटाशी दाबतोय, हे फक्त विलमरला दिसत होतं. तो हातमोजा काढून उठला आणि त्यांना खेळ शिकवणाऱ्या मास्तरांकडे वळला. “मास्तर, मी झेलणार नाही. याचा हात दुखतोय.” “गप बस! टाकीचे घाव सोसावेच लागतात.” “तुम्हीही सोसलेत. आता केस विंचरायलाही हात वर जात नाही तुमचा.”  मास्तरांनी पुढे जाऊन योनेलच्या हातातून चेंडू काढून घेतला. “गद्दार!” म्हणत योनेलनं विलमरशी अबोला धरला. डॉक्टर म्हणाले, कोपर थोडक्यात वाचलं. मास्तरांनी सगळ्यांनाच विश्रांतीचे दिवस नेमले. महिन्याभरानं विलमरच्या दारावर चेंडू आदळला. बाहेर योनेल उभा होता. “डाव्या हातानं फेकतोय, हसायचं नाही.”