कप हलवेपर्यंत

रुदैना रक्तपेढीच्या संगणकासाठी कमांड लिहीत होती. नोंदी बिघडल्या तर जुन्या प्रतीवरून त्या परत उभ्या करणारी. तेवढ्यात तिचे सासरे अबू मुतिब यांनी तिचा कप पुन्हा कॉफीने भरला.

"मामंजी, पुरे की! मी मागितली का?"

"कप कुठे हलवलास? आपल्यात कप हलवला म्हणजे पुरे, गप्प म्हणजे अजून हवी."

"माझ्या कमांडमध्ये गप्प म्हणजे नको. काय पुसलं जाईल ते ती आधी दाखवते, आणि स्पष्ट 'हो' म्हटल्याशिवाय कशालाही हात लावत नाही."

"कंजूष घरची दिसते तुझी कमांड!" अबू मुतिब हसले.

पुढच्याच आठवड्यात नोंदी खरंच बिघडल्या. घाईत रुदैनाने भलतीच, कालची प्रत निवडली. कमांडने विचारलं, 'आजचे सगळे रक्तगट पुसले जातील. हो?' तिने 'नाही' म्हटलं आणि योग्य प्रत शोधली. नोंदी वाचल्या.

घरी येऊन कॉफी पिता पिता, रिकामा कप हातात धरूनच तिला डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा मामंजी किटली घेऊन समोर उभे होते. किटली गार झाली होती.

"अहो, ओतायची ना! कप कुठे हलवला मी?"

"पण पोरी, तू 'हो' कुठे म्हणालीस?"