चौथा दिवा

पाइपचा एक फटका स्टीवनने शटरबाहेरूनच ऐकला. तो आत आला तेव्हा दुसरा पडत होता. त्याच्या मागे कोणीतरी शटर खाली ओढलं.

कामणच्या त्या गोदामात पाण्याच्या बाटल्यांचे खोके छतापर्यंत रचलेले. त्यांच्या पायथ्याशी लॉरेन्स पडला होता. गोदामातल्या सोळा कॅमेऱ्यांवर नजर ठेवणारा, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. हात मागे बांधलेले, जबडा एका बाजूला सरकलेला. त्याच्या डोक्याशी मुकादम दिनानाथ पाइप घेऊन उभा होता आणि मालक विघ्नेश खुर्चीत बसून चहा पीत होता. चहा संपवूनच तो बोलला. घाई कसली ती त्याला नव्हतीच.

परवा सकाळी सुमेध नावाचा हमाल याच जागेवर मेला होता. खोक्यांवरून पडला, असं विघ्नेशने पोलिसांना सांगितलं होतं. उद्या ते कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग न्यायला येणार होते. डिस्क फोडून टाकली तर संशय येईल, म्हणून परवाचा नऊ ते दहा हा तास आणि आजची मारहाण, एवढंच पुसायचं. लाइट गेली होती असं दिसलं पाहिजे. पण सुमेध मेला त्याच दिवशी लॉरेन्सने पासवर्ड बदलून ठेवला होता.

"दोन तास झाले मारतोय," दिनानाथ म्हणाला. "विचारलं की पानी पानी करतो. मी बोललो, पयला पासवर्ड, मग पाणी."

स्टीवन उमेळे गावचा. बारा वर्षं तो हीच कामं करत होता, बंद पडलेल्या डिस्कांच्या प्रती काढायच्या आणि मालकच पासवर्ड विसरलेली यंत्रं उघडून द्यायची. त्याचा एकच नेम होता. आधी प्रत काढायची, मग यंत्राला हात लावायचा. तोच नेम त्याने विघ्नेशला सांगितला. जबरदस्तीने पासवर्ड काढताना सगळंच पुसलं जाऊ शकतं, मग पोलिसांना कोरी डिस्क दाखवावी लागेल. विघ्नेशने मान हलवली आणि प्रत काम झाल्यावर आपल्या हातात द्यायची, एवढंच बजावलं.

स्टीवनने टेबलावरच्या रेकॉर्डिंगच्या यंत्रातून डिस्क काढली. पिशवीतल्या दोन खाचांच्या डबीत ती एका बाजूला आणि कोरी डिस्क दुसऱ्या बाजूला बसवून त्याने बटण दाबलं. डबीवर चार दिवे. पाव काम झालं की एक लागतो. चौथा लागायच्या आत डिस्क उपटली, तर प्रत कचऱ्यात टाकायच्या लायकीची.

पहिला दिवा लागेपर्यंत दिनानाथने लॉरेन्सच्या गुडघ्यावर चार फटके मारले. स्टीवन डबीकडे बघत राहिला. कानांवर हात ठेवता आले असते तर त्याने ठेवले असते.

दुसरा दिवा लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

तहानलेला माणूस सारखं पाणी मागतो. लॉरेन्स मागत नव्हता. फटके पडत होते तेव्हा तो नुसता कण्हायचा. दिनानाथने वाकून "पासवर्ड?" विचारलं की मगच तुटक्या जबड्यातून तो शब्द यायचा. आणि तेव्हा त्याचे डोळे बाटल्यांकडे नाही, टेबलावरच्या यंत्राकडे वळायचे.

आपण एक शब्द बोललो की पाइप थांबेल. पण विघ्नेश त्याच क्षणी डिस्क डबीतून उपटायला लावेल आणि सुमेध कायमचा खोक्यांवरून पडलेला राहील. अजून दोन दिवे. अर्धा तास. अर्धा तास काढेल हा, कोळ्याचं हाड आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचीच किळस आली. तरी तो तिसऱ्या दिव्याची वाट बघत राहिला.

"पासवर्ड?" दिनानाथने विचारलं.

"पानी," लॉरेन्स म्हणाला.

पाइप बरगड्यांवर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. लॉरेन्सने मान वळवून स्टीवनकडे पाहिलं. यंत्राकडे नाही, स्टीवनकडे. स्टीवनने खाली बघून उगाच वायर नीट केली.

तिसरा दिवा लागल्यावर दिनानाथने पुन्हा विचारलं. या वेळी नुसते ओठ हलले. पुढच्या खेपेला तेही हलले नाहीत. दिनानाथ घाम पुसत खोक्यावर बसला.

चौथा दिवा लागला.

स्टीवनने प्रत पिशवीत सरकवली आणि दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाची मेलेली डिस्क विघ्नेशच्या हातात दिली. विघ्नेशने ती जमिनीवर टाकली. दिनानाथने पाइपने तिचा चुरा केला. मग मूळ डिस्क यंत्रात बसवून स्टीवनने कळफलक ओढला आणि इंग्रजीत चार अक्षरं टाइप केली. पडद्यावर सोळा चौकोन उघडले. सातव्यात खोके होते, दिनानाथ होता आणि त्याच्या पायाशी लॉरेन्स.

"एका झटक्यात?" विघ्नेश उठून आला. "काय होता?"

"पानी."

विघ्नेशने पडद्यावरून नजर काढून लॉरेन्सकडे पाहिलं. "म्हणजे तो..."

"सांगत होता," स्टीवन म्हणाला. "पहिल्यापासून."

दिनानाथच्या हातून पाइप गळून पडला. त्याने खोका फाडला, बाटलीचं झाकण पिरगाळलं आणि लॉरेन्सचं डोकं मांडीवर घेऊन बाटली त्याच्या तोंडाला लावली. पाणी ओठांच्या कडेने बाहेर आलं आणि गळ्यावरून फरशीवर वाहत गेलं. बाटली रिकामी झाली तरी दिनानाथ ती तशीच धरून बसला होता.

सांगितलं होतं तेवढं पुसून स्टीवनने पिशवी खांद्याला लावली. तुला कधी कळलं, असं त्याला कोणीच विचारलं नाही.