तांबड्या दिव्याखालचे तीन कप

“दिवा तांबडा का आहे, माहीत आहे?” समीक्षकाने शेजारच्या खुर्चीवरच्या मावशींना विचारलं.

“नाही बाई. साधा मिळाला नसेल.”

तो हसला. दुसऱ्याला कमी लेखून हसायची त्याला सवयच होती. “रंग दिसू नये म्हणून. डोळे जिभेला फितवतात. शास्त्र आहे हे, मावशी.”

“हो का,” मावशी म्हणाल्या आणि समोरचा चमचा त्यांनी रुमालाने पुसून घेतला.

खोलीत दोनच उमेदवार होते. मावशी एका गिरणीच्या खानावळीत वीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. तो ‘वाकडी जीभ’ या नावाने इंटरनेटवर लिहायचा. विषय एकच, देशोदेशीचे चित्रविचित्र इन्स्टंट रामेन, म्हणजे गरम पाणी ओतून खायच्या नूडल्स. नऊ वर्षांत सहाशे बारा पाकिटं चाखली होती आणि चार तारे एकालाही दिले नव्हते. पुदिना-चॉकलेटच्या रामेनला त्याने ‘दवाखान्यातला वाढदिवस’ म्हटलं होतं. लोक ते वाक्य अजून एकमेकांना पाठवत.

जागा एकच होती. रामेन बनवणारी कंपनी, चव विभाग. सकाळी बायकोने दारातच ऐकवलं होतं, “हे झालं नाही तर सोमवारपासून दादाच्या फरशीच्या दुकानात. मी त्याला शब्द दिलाय.” दादाने, म्हणजे मेहुण्याने, दुकानाचं नाव छापलेला टीशर्टही पाठवून दिला होता. न विचारता एक्स्ट्रा लार्ज.

मॅनेजर बाईंनी दोघांसमोर तीन-तीन कप मांडले. प्रत्येकावर चवीचं नाव चिकटवलेलं.

“चार मिनिटं झाकण उघडायचं नाही. मग एका कपाला एक चिठ्ठी. चव कशी आहे ते लिहा. मनापासून.”

त्या काचेपलीकडे जाऊन बसल्या.

“माझी पद्धत सांगू?” तो मावशींकडे झुकला. “आधी नाव वाचायचं. डोळे मिटायचे. ती चव मनात उभी करायची. मगच घास.”

“मी आपली आधी घास घेते.”

“म्हणून तुम्ही खानावळीत आहात.”

चार मिनिटं झाली तशी मावशींनी पहिल्या कपाचं झाकण उघडलं.

*

चिठ्ठी १. समुद्री शेवाळ आणि लिंबू.
ओहोटीनंतर किनाऱ्यावर जे जे उरतं ते सगळं या कपात आहे. लिंबू मध्यस्थी करायला येतं आणि मार खाऊन परत जातं. दीड तारा.

चिठ्ठी २. धुरावलेली कोंबडी.
धूर खरा आहे, घशात अडकतो. कोंबडी मात्र आग लागायच्या आधीच पळाली असावी. एक तारा.

चिठ्ठी ३. लोणी आणि कॉफी.
कडूपणा जिभेच्या मुळाशी येऊन बसतो, ऐन जेवायच्या वेळी टपकलेल्या नातेवाइकासारखा. लोण्यामुळे तर तो आणखीच ऐसपैस टेकतो. अर्धा तारा, तोही झाकणाला.

*

त्याची तिसरी चिठ्ठी संपली तरी मावशी खातच होत्या. पहिला कप, दुसरा, परत पहिला. मग तिसऱ्यातला एक घास. मग पाणी. मग त्यांनी चमचा खाली ठेवला.

“अहो दादा, तुमचे कप जरा दाखवता?”

“कॉपी करताय?”

“छे हो. नावं तीच आहेत का, तेवढं बघत होते.”

“तीच आहेत. वाचता येत असेल तर.”

“येतं,” मावशी म्हणाल्या.

त्यांनी पहिल्या चिठ्ठीवर एक ओळ लिहिली. बाकीच्या दोन तशाच कोऱ्या घडी घातल्या. ते पाहून त्याला त्यांची दया आली. त्याला येऊ शकते तेवढी.

“काहीतरी खरडा हो मावशी. कोरी काय देताय?”

“सांगण्यासारखं होतं तेवढं लिहिलं.”

मॅनेजर बाई परत आल्या. मावशींची चिठ्ठी त्यांनी उभ्याउभ्याच वाचली.

“खानावळीत किती माणसं जेवतात?”

“तीनशे.”

“छान.” त्यांनी चिठ्ठी चार घड्या करून खिशात ठेवली. “मावशी, तुम्ही या कामाच्या नाही.”

मावशी उठल्या. पिशवी उचलली. दारात वळून म्हणाल्या, “पोरी, मीठ तेवढं कमी करा.”

दार लागलं. समीक्षक मोठ्याने हसला. “बघा! एवढ्या मोठ्या परीक्षेत बाईंना कळलं काय, तर मीठ.”

मॅनेजर बाई हसल्या नाहीत. त्याच्या चिठ्ठ्या हातात घेऊन त्या वाचत होत्या. “तुमच्या तिन्ही चिठ्ठ्या मी दोनदा वाचल्या.”

“थोडं जास्त झालं असेल. माझ्या जिभेपुढे माझा इलाज चालत नाही.”

“शिव्यांचं काही नाही. त्याच हाताला स्तुतीची सवय लावता येते. सोमवारी या.”

त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. “दादाला सांग, दुसरा माणूस बघ म्हणावं.”

“अगं बाई, खरंच? झालं?”

“होणारच. इथे एक बाई होत्या, कोऱ्या चिठ्ठ्या देऊन गेल्या. अशा लोकांना बोलावतात तरी कशाला!”

“बरं, बरं. येताना भाजी आण. ते रामेन नको.”

मॅनेजर बाईंनी करार पुढे सरकवला. त्याने न वाचताच, झोकात सही केली.

“काम अवघड नाही,” त्या कागद आवरत म्हणाल्या. “आमची पाकिटं तेवीस प्रकारची आहेत. प्रत्येकावर वेगळ्या चवीचं वर्णन हवं. मसाला एकच आहे, आज तिन्ही कपांत होता तो.”