दोघींपैकी कुणीही

"हा करार कोणी लिहिला?" वकिलांनी चष्मा काढत विचारलं.

"मोबाइलवरच्या एआयनं. मी सांगितलं तसा," हेमांगी म्हणाली.

कुरडई-पापडाच्या धंद्यात थोरली जाऊ तिची भागीदार होती. उद्या थोरलीनं वेगळं दुकान थाटलं तर, ही हेमांगीला धास्ती. पण थोरलीचं नाव घालून अट लिहिणं बरं दिसेना, म्हणून तिनं 'दोघींपैकी कुणीही' असं लिहायला सांगितलं होतं.

आता थोरलीच्या रोजच्या हुकमांना कंटाळून हेमांगीच बाहेर पडायला निघाली होती.

"बाहेर पडलात तर पाच वर्षं जिल्ह्यात हा धंदा करता येणार नाही," वकील म्हणाले. "लिहिलंय मात्र चोख."

फोन वाजला. "कुठं आहेस गं?" थोरली विचारत होती. "कुरडयांचा चीक घाटायचाय. तुझ्यासारखा कुणाला जमत नाही."

"निघालेच, ताई."