तीनशे साठ पानं

"पोटात अजून पानं भरा," अनुसूया म्हणाली.

भटजींचा हात थांबला. अंगणात दर्भावर तिच्या नवऱ्याचा, माधवचा, पुतळा तयार होत होता. डोक्याच्या जागी नारळ, बाकी सगळी पळसाची पानं. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाच्या दहनाला तीनशे साठ पानं लागतात. कुठल्या अवयवाला किती, ते ठरलेलं असतं.

"पोटाला वीसच, वहिनी," तिचा दीर भाऊ म्हणाला. "आणि दादाला पोट होतं कुठे? नुसती काठी!"

"एव्हाना सुटलं असतं."

भाऊ हसला आणि लगेच ओशाळला.

माधव मुंबईच्या बोटीत बसला, पण मुंबईला उतरलाच नाही. अनुसूया कुंकू लावत राहिली. आता तिच्या मुलीला, शकूला, चौलचं स्थळ आलं होतं. मुलाच्या बापाने बैठकीतच सांगून टाकलं होतं, "व्याही पाण्यात गेले असतील तर देवाची मर्जी. पण कुठे दुसरा संसार मांडून बसले असतील, तर आमच्याकडून सोयरीक नाही. काय ते एकदा उरका."

शकूचं सतरावं सरलं होतं. आधीची दोन स्थळं याच प्रश्नावर मोडली होती.

"वहिनी, न्हाव्याला निरोप गेलाय," भाऊ हळूच म्हणाला. "अजून वेळ आहे. वर्षभर थांबू. मी मुरुडपर्यंत पुन्हा चौकशी करतो."

"नको."

भटजींनी पळीत पाणी घेतलं. "अनुसूयाबाई, माणूस जिवंत असताना हे केलं, तर पाप करणाऱ्याच्या माथी. विचारणं माझं काम. काही पत्र? कुणी कुठे पाहिल्याचं?"

"काही नाही."

धोतरात गुंडाळलेला पुतळा पुरुषांनी समुद्रावर नेला. जळायला वेळ लागला नाही. शेजारच्या सोनाबाईने अनुसूयाचं कुंकू पुसलं. पाणी गार होतं, एवढंच तिला कळलं. मग मागच्या पडवीत न्हावी येऊन गेला. शकू हुंदके देत केस गोळा करत होती. अनुसूयाने तिला आत पाठवलं.

उन्हं कलताना ती वाडीच्या टोकाला गेली. कुंपणापलीकडे एक दाढीवाला माणूस उभा होता.

"झालं?"

"झालं."

त्याने तिच्या लाल आलवणाकडे पाहिलं. मग नजर घराकडे वळवली.

"शकूला एकदा लांबून बघू दे."

"दिघीची बोट चुकेल," अनुसूया माधवला म्हणाली.